डॅकला जायचे आहे: चिप डिझाइन ऑटोमेशनच्या परिषदेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझाइन ऑटोमेशन कॉन्फरन्स, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली ‘डॅक’, हिच्याविषयी अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पीएचडी करणारे संशोधक आणि चिप कंपन्यांत नोकरी करणारे अभियंते यांच्याकडून मला सतत पत्रे येतात. त्यांतले बरेच प्रश्न तेच ते असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. तारखा, शुल्क आणि नियम दरवर्षी बदलतात. ते त्या वर्षीच्या अधिकृत घोषणेतूनच घ्यावेत; येथे भर आहे तो तयारी कशी करावी यावर.

१. डॅक म्हणजे नेमके काय आणि तिथे काय चालते?

आजच्या मोठ्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते हाताने मांडणे कोणालाही शक्य नाही. चिपने काय करायचे याचे वर्णन लिहून दिल्यावर त्यातून गेटांचे, म्हणजे लहान तर्क-सर्किटांचे, जाळे तयार करणे (लॉजिक सिंथेसिस), ती गेटे सिलिकॉनवर कुठे बसतील हे ठरवणे (प्लेसमेंट), त्यांच्यामध्ये तारा ओढणे (राउटिंग), सिग्नल वेळेत पोहोचतात का हे तपासणे आणि शेवटी कारखान्याकडे पाठवण्याजोगा आराखडा तयार करणे ही कामे ज्या सॉफ्टवेअरने होतात त्याला इलेक्ट्रॉनिक डिझाइन ऑटोमेशन, थोडक्यात ईडीए, म्हणतात. डॅक ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी परिषद आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे ‘शेअर’ या संगणक वापरणाऱ्यांच्या संघटनेची कार्यशाळा म्हणून ती सुरू झाली. बेल लॅब्जमध्ये काम करणारे पॅट पिस्टिली हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि या क्षेत्रातला मानाचा फिल कॉफमन पुरस्कार त्यांना २०१० मध्ये देण्यात आला. पहिली वीस वर्षे तिथे फक्त शोधनिबंध वाचले जात. कंपन्यांचे प्रदर्शन १९८४ मध्ये अल्बुकर्की येथे सुरू झाले आणि तेव्हापासून शोधनिबंधांची दालने आणि विक्रेत्यांचे बूथ एकाच छताखाली असतात. या शेजारामुळेच मला ही परिषद महत्त्वाची वाटते, कारण सकाळी ऐकलेली कल्पना कोणत्या साधनात उतरली आहे आणि कोणत्यात नाही, हे दुपारी एक जिना उतरून विचारता येते.

२०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे ती सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी वेस्ट या इमारतीत भरली. २०२६ साठी लाँग बीचची निवड झाली. त्याआधी ऑस्टिन, लास व्हेगास, सॅन डिएगो अशा अनेक शहरांत ती भरून गेली आहे.

२. आयसीकॅड, डेट, एएसपी-डॅक या ईडीएच्या इतर परिषदा आणि आपल्याकडची व्हीएलएसआय (मोठ्या चिपांची) डिझाइन परिषद यांपैकी मी कुठे जावे?

आयसीकॅड शरद ऋतूत भरते. ती आकाराने लहान आणि अल्गोरिदमांकडे अधिक झुकलेली आहे, त्यामुळे प्लेसमेंट, राउटिंग किंवा लॉजिक सिंथेसिसवर संशोधन करणाऱ्याला तिथे आपली माणसे चटकन सापडतात. डेट ही १९९८ पासून युरोपात भरते आणि चाचणी व एम्बेडेड प्रणाली हे विषय तिथे जोरात असतात. एएसपी-डॅक जानेवारीच्या सुमारास आशियात भरते.

पहिल्यांदाच जाणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला मात्र मी निःसंकोचपणे भारतातली आंतरराष्ट्रीय व्हीएलएसआय डिझाइन परिषद सुचवतो. ती बहुधा जानेवारीत भरते आणि दरवर्षी शहर बदलते. पुण्यात ती २०१३ आणि २०१८ मध्ये भरली होती, मुंबईत २०१४ मध्ये, आणि २०२६ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. तिथे व्हिसा लागत नाही, विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी फेलोशिप असते, आणि डॅकमध्ये जे पाहायला मिळते त्यातले बरेचसे लहान प्रमाणात पाहून होते. एक जानेवारी तिथे घालवून पुढच्या वर्षी डॅकची तयारी केली, तर ती तयारी अधिक डोळसपणे होते.

३. मी साधने बनवत नाही, फक्त वापरतो. व्हेरिफिकेशन (आराखड्याची तपासणी) किंवा फिजिकल डिझाइन (चिपवरची प्रत्यक्ष मांडणी) करणाऱ्या माणसाला तिथे काय मिळणार?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा येतो आणि त्यामागचा न्यूनगंड मला पटत नाही. साधनाचा रात्रभर चाललेला रन सकाळी का फसला, हे साधन बनवणाऱ्यापेक्षा ते वापरणाऱ्याला अधिक कळते, आणि डॅकचा इंजिनीअरिंग ट्रॅक याच लोकांसाठी आहे. त्यात सहा पानांचा शोधनिबंध लागत नाही. काम काय होते, अडचण कुठे आली, काय केले आणि त्याने किती फरक पडला, हे मोजक्या स्लाइडांत मांडायचे असते. टायमिंग क्लोजरचे, म्हणजे सगळे सिग्नल वेळेत बसवण्याच्या कामाचे, दिवस कसे वाचले किंवा एखादी चूक टेपआउटच्या, म्हणजे आराखडा कारखान्याकडे पाठवण्याच्या, आधी कशी सापडली, अशी सादरीकरणे तिथे गर्दीने ऐकली जातात.

शिवाय, रोज ज्या बटणावर आपण बोट ठेवतो त्यामागचे गणित अनेकदा याच परिषदेत पहिल्यांदा मांडलेले असते. मोठ्या सर्किटचे दोन तुकडे असे करायचे की त्यांच्यामधून जाणाऱ्या तारा कमीत कमी राहतील, या कोड्यावरची फिडुशिया आणि मॅथाइसिस यांची रीत १९८२ च्या डॅकमध्ये सादर झाली. एखादा सेल, म्हणजे सर्किटमधला एक घटक, पलीकडच्या बाजूला हलवला तर किती तारांचा फायदा होईल, या आकड्यानुसार सगळे सेल वेगवेगळ्या खणांत टाकून ठेवायचे आणि सर्वांत वरच्या खणातला सेल आधी उचलायचा, अशी ती साधी आणि सुंदर युक्ती आहे. खण लावलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी सगळी यादी चाळावी लागत नाही आणि एक फेरी सर्किटच्या आकाराच्या प्रमाणातच वेळ घेते. फॉर्मल व्हेरिफिकेशनचा, म्हणजे आराखडा बरोबर असल्याचे गणिताने सिद्ध करण्याचा, वेग पालटून टाकणारा प्रिन्स्टनचा ‘चॅफ’ हा सॅट सॉल्व्हर (तर्काचे सूत्र खरे ठरू शकते का हे शोधणारा प्रोग्रॅम) २००१ च्या डॅकमध्ये आला. आपण वापरतो त्या वस्तूची जन्मकथा ठाऊक असली की तिच्या मर्यादाही समजतात.

४. माझा शोधनिबंध नाही. तरी जाता येते का आणि कोणता पास घ्यावा?

जरूर जाता येते. येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा शोधनिबंध नसतो. साधारणपणे दोन प्रकार असतात: संपूर्ण परिषदेची नोंदणी आणि फक्त प्रदर्शनाचा पास. प्रदर्शनाच्या पासावर बूथ, प्रमुख व्याख्याने आणि प्रदर्शनाच्या मजल्यावरचे परिसंवाद ऐकता येतात. ‘आय लव्ह डॅक’ नावाचा असा पास, ठरलेल्या तारखेच्या आत नाव नोंदवणाऱ्यांना अनेक वर्षे विनामूल्य दिला गेला आहे. शोधनिबंधांची सत्रे ऐकायची असतील तर मात्र पूर्ण नोंदणी लागते. कॅलिफोर्नियात आधीच राहणाऱ्या मराठी मंडळींना माझे सांगणे असे, की प्रदर्शनाच्या पासावर एक दिवस जाऊन यावे आणि त्यानंतर पुढच्या वर्षी पूर्ण नोंदणी करायची की नाही ते ठरवावे.

५. खर्च किती येतो आणि तो कोण देतो?

भारतातून जाणाऱ्याला विमान, हॉटेल, व्हिसा आणि नोंदणी मिळून खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो आणि त्यात हॉटेलचा वाटा अनेकदा धक्का देतो. नोंदणी मुदतीच्या आत करावी. आयईईई किंवा एसीएम या अभियंत्यांच्या आणि संगणकतज्ज्ञांच्या संघटनांच्या सदस्यांना सवलत असते आणि विद्यार्थी सदस्यांना ती आणखी मोठी मिळते, त्यामुळे आधी सदस्य व्हावे आणि मग नोंदणी करावी. केवळ हा क्रम चुकल्यामुळे जास्त पैसे भरलेली माणसे मला भेटली आहेत.

विद्यार्थ्यांसाठी डॅकचा यंग फेलोज कार्यक्रम आहे. त्यात निवड झाल्यास नोंदणी आणि प्रवासाला मदत मिळते आणि त्या बदल्यात ठरलेल्या कार्यक्रमांना हजर राहून आपल्या कामाचे पोस्टर लावावे लागते. अर्ज करण्यासाठी स्वीकारलेला शोधनिबंध असणे गरजेचे नसते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि म्हणून ते अर्जच करत नाहीत. नोकरी करणाऱ्यांनी वरिष्ठांकडे ‘मला पाठवा’ एवढीच विनंती करू नये. ‘आपल्या चमूच्या या तीन अडचणींवर तिथे काय उत्तरे आहेत ते शोधून, परत आल्यावर सर्वांसमोर मांडीन’ असे लेखी द्यावे. अशी विनंती नाकारणे वरिष्ठांनाही जड जाते.

६. शोधनिबंध कधी आणि कसा पाठवायचा?

डॅक उन्हाळ्यात भरते, पण शोधनिबंध आदल्या नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि निकाल फेब्रुवारीच्या आसपास लागतो. आधी शीर्षक आणि सारांश नोंदवायचा असतो व काही दिवसांनी पूर्ण निबंध. पहिली तारीख चुकली तर दुसरीचा काही उपयोग नाही. मजकूर सहा पानांत बसवावा लागतो. परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असते: लेखक कोण हे परीक्षकांना कळू नये आणि परीक्षक कोण हे लेखकांना. म्हणून नावे, संस्था, आभार आणि ‘आमच्या आधीच्या कामात’ अशी वाक्ये काढून टाकावी लागतात. भारतातल्या लेखकांकडून एक चूक वारंवार होते, ती म्हणजे आकृतीच्या कोपऱ्यात किंवा फाइलच्या गुणधर्मांत संस्थेचे नाव राहून जाते. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून फाइल तपासून घ्यावी.

आलेल्या निबंधांपैकी ढोबळमानाने चार-पाचांतला एक स्वीकारला जातो. नकार आला म्हणजे काम वाईट होते असे समजू नये. परीक्षकांच्या शेऱ्यांतल्या तीन गोष्टी सुधारून तोच निबंध पुढे आयसीकॅडमध्ये गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

७. निबंध नाकारला गेला, किंवा काम अजून अर्धे आहे. दुसरा मार्ग आहे का?

एकाहून अधिक मार्ग आहेत. चालू कामासाठी वर्क-इन-प्रोग्रेस पोस्टर असते. अगदी ताज्या निकालांसाठी लेट ब्रेकिंग रिझल्ट्स नावाचा छोटा निबंध असतो. पीएचडी संपत आलेल्यांसाठी पीएचडी फोरम आहे आणि उद्योगातल्यांसाठी इंजिनीअरिंग ट्रॅक (प्रश्न ३ पाहा). प्रत्येकाची मुदत वेगळी असते आणि ती मुख्य निबंधाच्या मुदतीनंतर येते. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात असलेल्याने फोरम सोडू नये, कारण पुढे नोकरी देऊ शकणारी माणसे तिथे पोस्टर पाहत फिरत असतात.

८. व्हिसा कोणता लागतो आणि तयारी कधी सुरू करावी?

परिषदेला हजर राहण्यासाठी अमेरिकेचा बी-१ व्हिसा चालतो आणि भारतात तो बहुतेक वेळा बी-१/बी-२ असा जोडूनच दिला जातो. तो आधीच असेल तर वेगळे काही करावे लागत नाही. नसेल तर डीएस-१६० हा अर्ज भरून मुलाखतीची वेळ घ्यावी लागते आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत ती वेळ मिळायला कधीकधी कित्येक महिने लागतात. निबंधाचा निकाल फेब्रुवारीत येतो आणि परिषद उन्हाळ्यात असते, हे लक्षात घेतले तर निकालाची वाट पाहून अर्ज करणारा मागे पडतो, हे उघड आहे. जायचे मनात असेल तर नोव्हेंबरमध्येच अर्ज करावा.

नोंदणी झाल्यावर आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागता येते. ते सोबत असावे, पण त्यावर विसंबून राहू नये. तुम्ही काय काम करता, परिषदेत काय करणार आणि परत का येणार, ही तीन उत्तरे साध्या भाषेत देता आली पाहिजेत. ‘ईडीए’ म्हणून थांबू नये. ‘चिपचा आराखडा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो’ असे सांगावे. चिपशी संबंधित तंत्रज्ञानावर काम करणाऱ्यांचा अर्ज कधीकधी अधिक तपासणीसाठी अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२१-जी खाली थांबवला जातो आणि त्यात आठवडे जाऊ शकतात. तेव्हा कामाचे वर्णन, प्रकाशनांची यादी आणि बायोडेटा आधीच तयार ठेवावा. शेवटी नकारच आला तर प्रश्न १७ पाहा.

९. एकाच वेळी इतकी सत्रे चालू असतात. कार्यक्रम कसा आखावा?

पहिल्यांदा जाणारा माणूस कार्यक्रमपत्रिका उघडतो, चाळीस गोष्टींवर खूण करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थकून कोपऱ्यात बसतो. त्याऐवजी घरून निघण्यापूर्वी एका कागदावर आपल्या कामातला न सुटलेला एकच प्रश्न लिहावा. तो नेमका असावा. ‘मशीन लर्निंगचा ईडीएत उपयोग’ हा प्रश्न नव्हे. ‘राउटिंग होण्याआधीच तारांची कोंडी कुठे होणार याचा अंदाज आमच्या मेमरी-भरल्या ब्लॉकवर चुकतो, तो का?’ हा प्रश्न आहे. असा प्रश्न हाती असला की पत्रिका आपोआप गाळली जाते, आणि कोणते सत्र, कोणते पोस्टर, कोणता बूथ हे ठरवायला अर्धा तास पुरतो.

रविवारी बहुधा कार्यशाळा असतात आणि नव्या विषयाची ओळख करून घ्यायला त्या उत्तम असतात. सोमवार ते बुधवार प्रदर्शन चालते. सकाळच्या प्रमुख व्याख्यानांपैकी एक तरी ऐकावे, कारण दिवसभरातल्या गप्पा त्याच्यावरच चालतात. शोधनिबंधाच्या सत्राला जाण्यापूर्वी निबंधाचा सारांश आणि निकालांचा तक्ता वाचून जावे; पंधरा-वीस मिनिटांच्या सादरीकरणातून पहिल्यांदाच सारे समजून घेणे कोणालाही जमत नाही. रोज दुपारी एक तास रिकामा ठेवावा. त्या तासात काय घडेल ते आधी सांगता येत नाही, पण माझ्या वह्यांतल्या सर्वांत उपयोगी नोंदी त्याच तासातल्या आहेत.

१०. प्रदर्शनात विक्रेत्यांशी काय बोलावे? ते फक्त माल विकतात ना?

विकायलाच आलेले असतात आणि त्यात गैर काही नाही. पण बूथवर विक्री करणाऱ्यांच्या मागे एखादा तांत्रिक माणूसही उभा असतो. त्याला गाठावे आणि नेमके विचारावे: डेमोमधल्या डिझाइनमध्ये सेल किती, रन किती वेळ चालला, किती कोअरवर, आणि हा निकाल पहिल्या प्रयत्नाचा की पाच वेळा सेटिंग बदलून मिळालेला? शेवटच्या क्षणी ईसीओ, म्हणजे आराखड्यात छोटा बदल करण्याचा आदेश, आला तर साधन सारे पुन्हा मांडते की आहे ते राखून तेवढाच बदल करते? या प्रश्नांना ज्याच्याकडे सरळ उत्तरे असतील त्याच्याकडे पुन्हा जावे. मोठ्या कंपन्यांचे सविस्तर डेमो बंद खोल्यांत आणि आधी वेळ ठरवून होतात, म्हणून दोन आठवडे अगोदर ईमेल करावा.

प्रदर्शनाच्या कडेला एक-दोन टेबलांच्या लहान कंपन्या असतात. तिथे अनेकदा संस्थापक स्वतःच उभे असतात आणि मजल्यावरचे सर्वांत मोकळे संभाषण तिथेच होते. बॅज स्कॅन करू दिला की आपला पत्ता त्यांच्या यादीत जातो हे ध्यानात ठेवावे आणि नको असेल तिथे नम्रपणे नाही म्हणावे.

११. माझे पोस्टर आहे. तिथे उभे राहून नेमके काय करायचे?

एक प्रसंग सांगतो. पोस्टरांच्या दालनात एका विद्यार्थिनीच्या पोस्टरवर राउटिंगच्या कोंडीचा नकाशा होता: सगळा निळा, आणि दोन मेमरी ब्लॉकांमधल्या अरुंद पट्टीत एक लालभडक डाग. एक वयस्कर अभियंता आला, शीर्षकही न वाचता त्याने त्या डागावर बोट ठेवले आणि विचारले, “या पट्टीत बफर किती आहेत?” बफर म्हणजे सिग्नलला जोर देणारे छोटे सेल; तिने ते मोजलेले नव्हते. तिने लॅपटॉप उघडला, दोघांनी वाकून पाहिले, तर टायमिंग सुधारण्यासाठी साधनाने त्या पट्टीत बफर ठासून भरलेले होते आणि कोंडी तारांमुळे नव्हे, त्यांच्यामुळे झाली होती. त्याने आपल्या कार्डाच्या मागे पट्टीचा आकार काढला, त्यावर तिरक्या रेघा मारल्या आणि सांगितले की इथे बफर बसवायला मज्जाव करून रन पुन्हा चालव. सगळे मिळून दहा मिनिटे गेली असतील. ते कार्ड तिने पोस्टरच्याच कोपऱ्यात टाचणीने लावून ठेवले.

म्हणून पोस्टरवर आपला सर्वांत चांगला आकडा जितका मोठा छापाल तितकीच मोठी, न सुटलेल्या गोष्टीची आकृती छापा. लोक तिथेच थांबतात. दोन मिनिटांचे कथन तोंडपाठ असावे, लॅपटॉपवर मूळ डिझाइन उघडता यावे आणि एक लहान वही हाताशी असावी. समोरचा माणूस बोलत असताना त्याला आपली पुढची स्लाइड ऐकवण्याची घाई करू नये.

१२. इंग्रजीत बोलताना मी अडखळतो. प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.

या सभागृहात तैवान, कोरिया, चीन, जर्मनी, फ्रान्स, इराण अशा ठिकाणांहून आलेली माणसे असतात आणि बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. व्याकरणाकडे कोणाचे लक्ष नसते. प्रश्न आधी लिहून काढावा आणि कागदावरून वाचला तरी चालतो. माइकसमोर उभे राहवत नसेल तर सत्र संपल्यावर व्यासपीठाच्या पायरीपाशी थांबावे. वक्ता तिथे अधिक मोकळेपणाने बोलतो.

१३. तिथे नोकरी मिळते का?

तिथल्या तिथे नेमणूकपत्र क्वचितच मिळते. ओळख मात्र मिळते, आणि बायोडेटा वाटत फिरण्यापेक्षा ती अधिक टिकते. पीएचडी फोरम (प्रश्न ७ पाहा) आणि पोस्टरांची दालने (प्रश्न ११ पाहा) यासाठी सर्वांत योग्य जागा आहेत. बी-१ व्हिसावर अमेरिकेत नोकरी करता येत नाही, पण भविष्यातल्या कामाविषयी बोलायला हरकत नाही.

१४. कपडे, हवामान, जेवण यांविषयी काही सूचना?

सूट लागत नाही. नीटनेटका शर्ट आणि चालायला सोयीचे बूट पुरेत, कारण दिवसभर सिमेंटच्या मजल्यावर उभे राहावे लागते. परिषद सॅन फ्रान्सिस्कोत असेल तर जूनमध्येही धुके आणि गार वारा असतो, स्वेटर हवाच. तिथल्या विमानतळावरून बार्ट रेल्वेने पॉवेल स्ट्रीटला उतरले की मॉस्कोनी वेस्ट चालत दहा मिनिटांवर आहे. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या फॉर्मवरच तसे लिहावे.

१५. कंपनीच्या चिपविषयी तिथे किती बोलता येते?

परवानगी असेल तेवढेच. येथे दोन वेगळी बंधने असतात आणि लोक दुसरे विसरतात. पहिले आपल्या कंपनीच्या गोपनीयतेचे, ज्यासाठी स्लाइडांना कायदा विभागाची लेखी मंजुरी घ्यावी लागते आणि तिला आठवडे लागू शकतात. दुसरे फाउंड्रीच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या, पीडीकेचे. पीडीके म्हणजे कारखान्याने दिलेले नियम आणि मॉडेल. त्यातले थरांचे अंतर, सेलची अंतर्गत रचना, अगदी लेआउटचा जवळून घेतलेला स्क्रीनशॉटही गोपनीय असू शकतो. आपल्या कंपनीने हरकत घेतली नाही म्हणून फाउंड्रीची परवानगी मिळाली असे होत नाही. निश्चित आकडे देता येत नसतील तर मूळ रनच्या तुलनेत टक्केवारी द्यावी. इंजिनीअरिंग ट्रॅकमध्ये ही पद्धत सर्रास चालते.

१६. दोन कंपन्यांच्या साधनांची तुलना करून निकाल दाखवले तर चालेल का?

बहुधा नाही. अनेक व्यावसायिक ईडीए साधनांच्या परवान्यात तुलनात्मक मोजमापे परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास मनाई असते आणि विद्यापीठांना मिळणाऱ्या स्वस्त परवान्यांतही हे कलम असते. म्हणूनच शोधनिबंधांत ‘एक व्यावसायिक साधन’ असा मोघम उल्लेख दिसतो. केंद्र सरकारच्या सी-टू-एस (चिप्स टू स्टार्टअप) कार्यक्रमाखाली, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या बेंगळुरूतील चिपिन केंद्रामार्फत ज्या महाविद्यालयांना साधने मिळतात, त्यांनीही आपल्या अटी वाचून मगच निकाल मांडावेत.

या अडचणीतून वाट काढणारी एक चांगली गोष्ट गेल्या काही वर्षांत घडली आहे. योसिस, ओपनरोड आणि केलेआउट अशी खुली साधने आणि २०२० मध्ये खुले झालेले स्कायवॉटर या फाउंड्रीचे १३० नॅनोमीटरचे पीडीके वापरून मांडलेले निकाल कोणालाही पडताळून पाहता येतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातले ई-सिम हे सर्किट सिम्युलेशनसाठीचे खुले साधन याच वाटेवरचे आहे. ज्या महाविद्यालयाकडे महागडे परवाने नाहीत, तिथल्या विद्यार्थ्याने ‘आमच्याकडे साधने नाहीत’ म्हणून थांबू नये. पडताळता येणारा लहान निकाल मला झाकलेल्या मोठ्या निकालापेक्षा अधिक मोलाचा वाटतो आणि अनेक परीक्षकांनाही तो तसाच वाटतो.

१७. निबंध स्वीकारला गेला, पण व्हिसा नाकारला गेला. आता काय?

त्याच दिवशी सत्राच्या अध्यक्षांना आणि परिषदेच्या कार्यालयाला कळवावे आणि नकाराचे पत्र जोडावे. निबंध सादर झाला नाही तर तो इतिवृत्तातून, म्हणजे परिषदेच्या निबंधसंग्रहातून, काढून टाकण्याचा अधिकार अशा परिषदा राखून ठेवतात, त्यामुळे गप्प बसणे हाच खरा धोका आहे. सहलेखकांपैकी कोणी अमेरिकेत असेल तर त्याने सादर करावे. तोही नसेल तर विषय जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाला सादरीकरण करू द्यावे अशी परवानगी मागावी. ती व्यक्ती बहुधा आपल्याच विभागाचा जुना विद्यार्थी असते आणि अशा वेळी ही माणसे धावून येतात. लेखकाची म्हणून भरलेली नोंदणी मात्र साधारणपणे परत मिळत नाही.

१८. परिषदेत कल्पना मांडल्यावर पेटंट घेता येते का?

आधी अर्ज दाखल करावा आणि मग बोलावे, हेच सुरक्षित. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यानंतर एक वर्षाची सवलत असते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती मर्यादित आहे आणि तिच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. युरोपात अशी सवलत जवळपास नाहीच. लक्षात ठेवण्याची बाब अशी, की इतिवृत्त अनेकदा परिषदेच्या आधी ऑनलाइन उपलब्ध होते. तुमच्या जाहीर करण्याची तारीख व्यासपीठावर उभे राहिल्याची धरली जात नाही, ती प्रकाशनाची धरली जाते. पोस्टर आणि बूथवरच्या गप्पाही जाहीर करण्यातच मोडू शकतात.

१९. या वर्षी जाणे शक्य नाही. घरबसल्या काय करता येईल?

डॅकचे निबंध एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत आणि आयईईई एक्सप्लोरवर असतात. एसीएमने १९५१ ते २००० या काळातली आपली प्रकाशने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे प्रश्न ३ मध्ये सांगितलेला १९८२ चा निबंध आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. तो अवघा काही पानांचा आहे आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही समजेल इतका स्वच्छ लिहिलेला आहे. वही घेऊन बसावे, दहा सेलांचे सर्किट काढावे, प्रत्येक सेलचा फायदा मोजून खण भरावेत आणि एक फेरी हाताने पूर्ण करावी. मी तसे केले तेव्हा एक संध्याकाळ लागली आणि चौथ्या सेलवर आकडा चुकला होता, तो शोधताना खणांची रचना खऱ्या अर्थाने समजली. ज्यांना पुढच्या वर्षी जायचे आहे, त्यांनी प्रश्न ९ मधला कागद याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला घ्यावा.